दीड मिनिटाचा डाळीचा पाळणा

मी एक चित्रफीत बोलते आहे. दीड मिनिटाची. बसून ऐका, उभं राहून ऐका, कंपनीच्या बसमध्ये वरच्या दांडीला लटकून ऐका, मला काहीही चालतं. माझं अख्खं आयुष्य दीड मिनिटाचं असलं तरी ते सांगायला मला जास्त वेळ लागतो, कारण मधेमधे मला हसू येतं.

माझ्यात माणसं नाहीत. तूरडाळ आहे, मसूर आहे, हिरवे मूग आहेत, आगकाड्यांचा एक पाळणा आहे आणि एक मुंगी होती. मुंगीचं पुढे सांगते.

माझा जन्म सांगवीतला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, त्यातला स्वयंपाकाचा ओटा, आणि ओट्याखालची जमीन. मला जन्म देणारी स्वरूपा. ती चाकणला एका कंपनीत गाड्यांचे दिवे तपासते. दिव्याच्या काचेवर केसाएवढा ओरखडा दिसला तरी तो दिवा बाजूला काढते. ती येताना दिसली की लाईनवरची पोरं आपापले दिवे पुन्हा एकदा पुसून घेतात. आणि हीच स्वरूपा सुट्टीच्या दिवशी जमिनीवर बसून डाळीचे दाणे मांडते, एक फोटो काढते, दाणे जरासे सरकवते, दुसरा फोटो काढते. असे फोटो भराभर एकापुढे एक लावले की दाणे चालायला लागतात. इंटरनेटवर तिचं एक छोटं पान आहे. त्यावर ती ही डाळीची कार्टून टाकते. लाईनवरची तीच पोरं जेवणाच्या सुट्टीत ती बघतात आणि मग डबा खाताना वरणाकडे जरा आदराने पाहतात.

मला मात्र लाईनवरच्या पोरांसाठी बनवलं नव्हतं. मला एका बारशासाठी बनवलं.

स्वरूपाचं माहेर बीडकडच्या एका खेड्यात. तिथे तिच्या भावाला, नवनाथला, मुलगी झाली. बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. नवनाथने आणि त्याच्या बायकोने, अनिताने, नाव निवडायचं कामही आत्यावरच सोडलं होतं. स्वरूपाने नाव ठरवलं, कुणालाही सांगितलं नाही, एसटीचं तिकीट काढलं, आणि दुसऱ्या दिवशी खडीवरून स्कूटी घसरून पाय मोडून घेतला. पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी प्रवासाचं नावही काढू नका म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, मग फोनवर नाव सांगायचं. सगळ्यांनी तेच म्हटलं. पण स्वरूपाच्या आईला, रतनबाईंना, ऐकू येत नाही. आता कितीतरी वर्षं झाली. गावात बारसं असलं की त्या पुढे बसतात, पाळण्याची दोरी धरतात, बायका हसल्या की हसतात. नाव सांगून होतं, तोंडं गोड होतात, मग त्या शेजारणीला विचारतात, काय ठेवलं गं? शेजारीण हाताने खूण करते, सांगते नंतर. ते नंतर पुष्कळदा येतच नाही. लिहून दाखवावं तर त्यांना वाचता येत नाही.

स्वरूपाला एवढंच हवं होतं. या वेळी नाव सगळ्यांना कळेल त्याच क्षणी आईलाही कळावं. स्वतःच्या नातीचं नाव तिने कुणाला विचारायला लागू नये.

म्हणून मी. माझ्या शेवटी पाळण्यातून एक पिवळं फूल उमलतं आणि त्या फुलाचं नाव तेच बाळाचं नाव. रतनबाईंनी ते फूल न्हाणीच्या पाण्यावर स्वतः लावलेलं आहे, दिवाळीच्या सुमारास त्यांच्या दारात दुसरं काही दिसत नाही. कोणतं फूल ते मी आत्ता सांगणार नाही. स्वरूपाने दम दिलेला आहे.

माझा जन्म कसा झाला ते ऐका. मोठी परात घेतली. तिच्यात रवा पसरला. रव्यावर आगकाड्यांचा पाळणा मांडला. वरून फोटो काढायला फोन लागतो, तर स्वरूपाच्या नवऱ्याने, रणजीतने, कपडे वाळत घालायचं स्टँड आणून त्याच्या मधोमध फोन नाडीने बांधला. शेजारी त्याचीच बनियन वाळत होती. ती काढायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे माझ्या पहिल्या वीसेक फोटोंत कोपऱ्यात बनियनचा काठ आहे. लोकांना तो ढग वाटतो.

दिवा धरायला सासरे बसले. मारुतराव. चाकणजवळच्या खेड्यातला माणूस, फार कमी बोलणारा. त्यांना टेबलावरचा दिवा हातात दिला आणि सांगितलं, आबा, हलू नका. ते हलले नाहीत. पण हात म्हातारा, तो आपला बारीक थरथरत राहिला. दिव्याचा उजेड रव्यावर इकडून तिकडे लाटेसारखा फिरत राहिला. स्वरूपा म्हणाली, छान दिसतंय, चांदण्यासारखं. मलाही तेव्हा ते छानच वाटलं. पुढे याच चांदण्याने माझा जीव घ्यायची वेळ आणली.

मधेच मारुतरावांना शिंक आली. त्यांनी ती बराच वेळ दाबली, डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, आणि शेवटी ती आलीच. मसुराचे दोन मोर आणि अर्धा पाळणा ओट्याखाली गेला. सगळे मिळून मोर शोधत बसले. एक मोर अजून सापडलेला नाही.

आणि मग मुंगी आली. बोलावलेली नव्हती. परातीच्या काठावरून खाली उतरली, रव्यातून सरळ चालत पाळण्यापर्यंत आली, थांबली, पाळण्यात डोकावली आणि निघून गेली. स्वरूपा हातातला दाणा तसाच धरून एकामागून एक फोटो काढत राहिली. मारुतराव पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, "बाळ बगाया आली हाय ती. ऱ्हाऊ दे."

मुंगी राहिली. माझ्या मते ती माझ्यातली सगळ्यात चांगली नटी. दाणे सरकवावे लागतात, ती स्वतः चालली.

सगळे फोटो कॉम्प्युटरवर चढले, स्वरूपाचा आवाज जोडला गेला, आणि आता मला एकसंध करून बाहेर काढायचं होतं. हे करताना कॉम्प्युटर काही प्रश्न विचारतो. चित्र केवढं हवं, सेकंदाला किती चित्रं हवीत, दर्जा केवढा हवा. प्रत्येक प्रश्नापुढे एक सरकवायची पट्टी असते. डावीकडे कमी, उजवीकडे जास्त.

दिवे तपासणारी बाई. दर्जा कमी करायची पट्टी तिच्या हाताला कशी जमेल? तिने एकेक पट्टी धरली आणि उजवीकडे भिंतीला टेकेपर्यंत नेली. चित्र सिनेमाच्या पडद्याला पुरेल एवढं. दर्जा सगळ्यात वरचा. आणि सेकंदाला चित्रं साठ. खरं तर तिने एका सेकंदासाठी बाराच फोटो काढले होते. मग कॉम्प्युटरने काय केलं, प्रत्येक फोटो पाच पाच वेळा लावला. एकाच पाहुण्यापुढे तेच ताट पाच वेळा आणून ठेवावं तसं.

कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावला की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन विचारलं, पिठाची गिरणी घेतली का तुम्ही. आणि मी बाहेर आले. तीन जीबी.

काय माझा रुबाब सांगू. रव्याचा कण न् कण मोजून घ्या. मसुरावरची नखाची खूण बघून घ्या. मुंगीचा पाय न् पाय वेगळा दिसत होता. मी स्वतःवर इतकी खूश होते की दारातून बाहेर कशी पडणार हा विचारच माझ्या मनात आला नाही.

रविवार उजाडला. बारसं चार वाजता. सकाळी स्वरूपाने मला तिच्या पानावर चढवायला घेतलं आणि मी जिन्यात अडकलेल्या कपाटासारखी अडकले. चहा झाला, अंघोळी झाल्या, पोहे झाले. कशीबशी चढले. मग तिने नवनाथला फोन केला, एकदा उघडून बघ म्हणाली.

"आवाज बंद ठेव," ती म्हणाली. "आणि बघ, पण ओळखू नकोस."

"बघू पण ओळखू नको म्हणजे कसं गं ताई?"

"बघायचं आणि गप बसायचं. एवढं आयुष्यात एकदा कर."

त्यांच्या गावात नेट फक्त पाण्याच्या टाकीवर येतं. नवनाथ टाकीवर चढला. मी निघाले. निघाले म्हणजे माझा पहिला फोटो पोचला, नुसता रवा आणि बनियनचा काठ, आणि त्याच्यावर ते गोल चाक फिरायला लागलं. तुम्हाला माहीत आहे ते चाक. तुम्ही त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकता. मी त्याच्या मागे उभी असते, मला काय वाटत असेल याचा विचार करून बघा.

बऱ्याच वेळाने नवनाथचा फोन आला. "ताई, नुसतं चाक फिरायलंय. ऊन लागायलं आता. रवा दिसला पण. शिरा करायलीस का?"

रणजीत बाजूला दाढी करत होता. तो म्हणाला, "पोरगी शाळेत जाईल तोवर पोचंल गं. तिलाच वाचून दाखवू दे नाव." स्वरूपाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो फेस तसाच ठेवून मोरीत गेला.

आता तिला घाई झाली आणि घाईत ती उलट टोकाला गेली. त्याच पट्ट्या धरल्या आणि सगळ्या डावीकडे खेचल्या. चित्र काडेपेटीएवढं. दर्जा तळाला. क्षणात मी पुन्हा जन्मले, इतकी हलकी की मला स्वतःचा भार लागेना. मी उडत पानावर बसले, उडत टाकीवर पोचले. नवनाथने बोट लावायच्या आत मी सुरू. मला वाटलं, जिंकले.

पण आतून मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मोर मोरासारखे नव्हते. पाळणा चौकोनी ठिपक्यांचा झाला होता. मुंगी कुठे दिसेना. मी शेवटपर्यंत गेले, फूल उमलवलं, आणि माझं मलाच कळेना की मी काय उमलवलं.

नवनाथचा फोन आला. तो जरा जपून बोलत होता. "ताई, मी ओळखलं न्हाई हां. पण एक विचारू? ते लाडू आहे ना?"

"काय?"

"बुंदीचा. खाली उतरून आईला दाखवलं मी जरासं. तिनं बी हातानं लाडूच वळून दाखवला. नाव काय ठेवायलीस पोरीचं?"

रणजीत मोरीतच हसला आणि त्याला वस्तरा लागला.

स्वरूपा हसली नाही. ती प्लास्टरचा पाय लांब करून भिंतीला टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार वाजता बायका जमणार. आई लाडू बघणार. मग बाकीच्यांना आवाजातून नाव कळणार, त्या हसणार, आणि आई शेजारणीला विचारणार, काय ठेवलं गं. सगळं होतं तसंच होणार.

मी कॉम्प्युटरमध्ये होते. मला बाहेर येऊन तिचे डोळे पुसता आले असते तर पुसले असते. मी फार तर लाडू दाखवू शकत होते.

मारुतराव तिच्यासमोर येऊन बसले. त्यांची बोलायची पद्धत अशी की आधी ते बसतात, मग गुडघ्यावर हात ठेवतात, मग बराच वेळ जातो. तो गेला. मग म्हणाले, "पोरी, एक इचारू का. तुमच्या कंपनीत दिव्याची मागली बाजू बी एवढीच बगत्यात का?"

"मागली? नाही आबा. मागली गाडीच्या आत जाते, तिथे कोण बघतंय. मागे डाग चालतो. तिथे वेळ घातला तर लाईन…"

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे स्क्रीनकडे पाहिलं, पण मला ते माझ्याकडेच वाटलं.

मारुतरावांना पुढचं काही सांगायचं नव्हतं. सून रडायला लागली की तिला कामाबद्दल विचारायचं, ती बोलायला लागते, एवढंच त्यांना माहीत होतं. पण तिला जे कळायचं ते कळलं. ज्या गोष्टीसाठी ती रोज लाईनवर पगार घेत होती, ती घरी आल्यावर विसरली होती. पुढची काच कडक बघायची, मागची बाजू सोडून द्यायची. तिने आधी सगळंच काच समजून पॉलिश केलं आणि मग रागाने सगळ्यालाच ओरखडे काढले.

आता माझ्या पोटातलं सांगते. मला दर सेकंदाला ठरावीक शिधा मिळतो. त्या शिध्यात मला चित्र दाखवायचं असतं. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना जे बदलत नाही, त्यासाठी मी फक्त म्हणते, मागच्यासारखंच. त्याला काही लागत नाही. जे बदलतं तेवढंच नव्याने रंगवायचं. पण मारुतरावांच्या हातातला दिवा थरथरत होता, आणि त्या उजेडात रव्याचा प्रत्येक कण दर चित्रात वेगळा चमकत होता. मग मला तो सगळा रवा, कणाकणाने, दर वेळी नव्याने रंगवावा लागला. हजारो कण पंगतीला बसले आणि शिधा संपवून उठले. फूल आलं तेव्हा पातेलं रिकामं. मी त्याला काय वाढणार? लाडू वाढला.

स्वरूपाने हे असं म्हटलं नाही. ती म्हणाली, "रवा काढा."

जेवण बाजूला राहिलं. पहिला भाग पुन्हा काढायला वेळ नव्हता, तो तसाच ठेवायचा ठरला. शेवटचं फूल मात्र पुन्हा मांडायचं. खाली साधं, एकरंगी, चमक नसलेलं काहीतरी हवं. चादरीला फुलं होती, साडीला बुट्टे होते, रणजीतच्या शर्टाला चौकडे होते. शेवटी तिने कंपनीचा निळा अ‍ॅप्रन काढला. इस्त्री केलेला होता, कारण तिला सोमवारी परत जाता येईल असं आधी वाटलं होतं. तो पाटावर ताणून बसवला. दिवा मारुतरावांच्या हातातून घेऊन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि चिकटपट्टीने चिकटवला.

दिवा गेल्यावर मारुतराव जरा उदास झाले. मग स्वरूपाने त्यांना काम दिलं, तूरडाळीतले एकसारखे दाणे निवडून द्यायचे. ते इतक्या मन लावून निवडायला लागले की एकेक दाणा खिडकीच्या उजेडात धरून बघू लागले. रणजीत म्हणाला, "आबा, डाळ निवडताय का नवरी बघताय?" मारुतरावांनी एक दाणा नापास करून बाजूला टाकला.

निळ्यावर पिवळं फूल. आतल्या पाकळ्या मिटलेल्या, मग एक घेर उघडला, मग दुसरा. शिंक आली तर जिन्यात जाऊन द्यायची असं ठरलं होतं आणि रणजीत एकदा खरंच धावत जाऊन देऊन आला.

मग पट्ट्या. या वेळी ती प्रत्येक पट्टीपाशी थांबली. चित्र केवढं? तर आईच्या तळहातावर मावणाऱ्या फोनएवढं, भिंतीएवढं नको. सेकंदाला किती? तर जितके फोटो काढले तितकेच, बारा. आवाज? तर बोलणारी स्वरूपा एकटी, दोन बाजूंचे दोन आवाज कशाला, एक पुरे. दर्जाच्या पट्टीवर तिचा हात सगळ्यात जास्त रेंगाळला. तिने ती थोडी डावीकडे नेली, मला बाहेर काढून बघितलं. अजून थोडी नेली, पुन्हा बघितलं. फूल नीट दिसत होतं. मागचं निळं हलतच नव्हतं, मी त्याला नुसतं मागच्यासारखंच म्हणत होते आणि सगळा शिधा पाकळ्यांना वाढत होते. असं जेवण फुलाला उभ्या आयुष्यात मिळालं नसेल.

पण पहिल्या भागात मुंगी धूसर झाली. बोटभर आणखी नेलं तर ती रव्यात विरघळून जाणार होती, आणि तेवढं नेल्याशिवाय मी टाकीवर पोचणार नव्हते.

स्वरूपाने मारुतरावांकडे पाहिलं. "आबा, मुंगी जातेय."

त्यांनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "जाऊ दे. तिनं बाळ बगितलंय."

मी बाहेर पडले. पाच एमबी. आधीची मी आणि आत्ताची मी शेजारी उभ्या केल्या तर हत्तीशेजारी शेंगदाणा ठेवल्यासारखं दिसलं असतं. पण मला विचाराल तर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. कमरेचं सोनंनाणं काढून ठेवून फुगडी घालायला उतरल्यासारखं.

या वेळी नवनाथला आधी दाखवायला वेळ उरला नव्हता. चार वाजून गेले होते. गावाकडे पाळणा सजला होता, घुगऱ्या शिजून परातीत निवत होत्या, बायका बसल्या होत्या. अनिताच्या फोनवरून सांगवीला साधा फोन लावून ठेवला होता, म्हणजे स्वरूपाला तिकडचा आवाज ऐकू येत राहील. नवनाथ पुन्हा टाकीवर चढला, माझं पान उघडलं, चाक एकदा फिरलं, अर्धं फिरलं, आणि मी पूर्णपणे त्याच्या फोनमध्ये उतरले. तो न बघता फोन बंडीच्या खिशात घालून धावत घरी आला. वाटेत मी इतकी हिंदकळले की माझे मोर मला वाटतं जागचे हलले असतील.

शेवटी जे दिसेल तेच बाळाचं नाव, एवढं बायकांना सांगून आणि आईला खुणेने समजावून त्याने फोन रतनबाईंच्या हातात दिला आणि सुरू केलं.

मी एवढ्या चेहऱ्यांकडे एकदम कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या बायका फोनवर वाकल्या. पाळणा हलला. मोर नाचले. कुणीतरी म्हणालं, अगं मसूर आहे ती. कुणीतरी म्हणालं, ढग बघ किती छान. माझ्यातून स्वरूपाचा आवाज येत होता, पण पोरंटोरं इतकी कलकलाट करत होती, आणि बायका एकमेकींना गप्प बसा म्हणून इतक्या मोठ्याने ओरडत होत्या, की माझा एकेरी आवाज कुणाच्याच कानापर्यंत गेला नाही. स्वरूपाने माझ्यात कुर्रर्र केलं ते मीच ऐकलं. तिने नाव सांगितलं तेही मीच ऐकलं.

तिकडे सांगवीत फोनला कान लावून तिघं बसली होती. त्यांना नुसता गोंगाट येत होता. स्वरूपाने ओठ दाबून धरले होते.

फूल आलं. निळ्यावर पिवळं. मी एक घेर उघडला. रतनबाईंच्या डोळ्यांजवळच्या सुरकुत्या हलल्या. मी दुसरा उघडला. मी जे काही शिल्लक होतं ते सगळं त्या शेवटच्या पाकळ्यांत ओतलं. खरं सांगते, इतक्या जोराने मी कधीच उमलले नव्हते.

आणि रतनबाई बोलल्या. ऐकू न येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो, त्याला स्वतःला तो कळत नाही.

"शेवंती! माझ्या दारची शेवंती हाय ही."

वाकलेल्या बायकांनी एकदम माना वर केल्या. मग सगळ्यांना कळलं की नाव सांगून झालं. ज्या बाईला आजवर सगळ्यांच्या नंतर कळायचं, तिच्या तोंडून ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

नाव जिने सांगितलं तिच्या पाठीत बुक्के घालायचे, एवढं बायकांना ठाऊक. आत्या असो नाही तर आजी. त्या तुटून पडल्या. रतनबाई हसत हसत पुढे वाकल्या, हातातला फोन सुटला आणि मी शेवंतीचं फूल घेऊन तशीच घुगऱ्यांच्या परातीत पडले. गरम होत्या. गुळाचा वास होता. दाण्यांत दाणे मिसळले. मला वाटलं, चला, माझ्या माणसांत आले.

तिकडे सांगवीत स्वरूपा हसत होती आणि रडत होती. रणजीत खोलीभर नाचत होता, वाळत घालायचं स्टँड पाडून. आणि मारुतराव उठले, सुनेच्या मागे गेले आणि तिच्या पाठीत एक अगदी हलका, जणू पापड मोडू नये असा बुक्का घालून परत जागेवर येऊन बसले. आत्याला एक तरी लागायला हवा ना.

आता माझं चांगलं चाललं आहे. मी स्वरूपाच्या पानावर असते. चाकणच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेली माणसं मला उघडतात आणि मी लगेच उघडते, चाक फिरवून त्यांचा जीव खात नाही. ती तीन जीबीची थोरली कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात आहे. तिला कुणी काढून टाकलेलं नाही. मारुतरावांनी सांगून ठेवलंय, तिच्यात मुंगी हाय. कधी कधी दुपारी ते ती लावून घेतात, मुंगी येऊन गेली की बंद करतात.

माझं मागणं एकच आहे. तुम्ही माणसं अंगठा फार लवकर सरकवता. पाळणा दिसला, मोर दिसले, की पुढे जाता. पहिल्या भागात मी जरा धूसर आहे, मला माहीत आहे, ती माझी मागली बाजू आहे. दीड मिनिट थांबा. फूल शेवटी आहे.

बीडकडच्या त्या घरात मला रोज सकाळी लावतात. रतनबाई नातीला मांडीवर घेऊन बसतात. फोनचा आवाज बंद असतो, त्यांना त्याचा उपयोग नाही. फूल उमलतं, आणि नाव त्या स्वतः सांगतात.